पुसण्याआधी लिहायचं

"मी विझवतोय, आणि तो पुन्हा पेटतोय. असं का, उस्ताद?"

दस्तगीर मिस्त्री थाळीतल्या पेट्रोलमध्ये एक नट धूत होते. तो धुऊन झाल्यावर त्यांनी दुसरा घेतला.

"किती वेळा विझवलास?"

"एक्केचाळीस."

"मोजलंस?"

"मी कशाला मोजू? स्कॅनर मोजतो."

मिस्त्री हसले नाहीत. मी हसलो, आणि एकटाच हसलोय हे लक्षात आल्यावर गप्प बसलो.

मला तिथं माझ्या जुन्या जीपचे ब्रेक घेऊन आले होते. शिये फाट्याच्या त्या पत्र्याच्या गॅरेजात मी वीस वर्षं गिऱ्हाईक म्हणून बसतोय. पुढं जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, म्हणून लिहितो. कुणी विश्वास ठेवावा असा आग्रह नाही. मला स्वतःलाच अजून नीट ठेवता आलेला नाही.

प्रश्न विचारणारा रणधीर सरनोबत. मिस्त्रींचा जुना शिष्य. पाच वर्षं इथं हात काळे केले, मग उचगावला स्वतःचं काचेचं दुकान काढलं. तिथं गाड्या दुरुस्त होत नाहीत, 'ट्यून' होतात. पाने-पक्कड कमी, लॅपटॉप जास्त. दुकान निघाल्यापासून तो इकडं फिरकला नव्हता, खंडेनवमीच्या पूजेलासुद्धा नाही. आज आला, म्हणजे पाणी नाकाशी आलं होतं.

गाडी बाहेर सावलीत उभी होती. काळी, जमिनीला पोट टेकलेली. मूळची ती चारचौघांसारखी संसारी गाडी. रणधीरनं तिच्यात दुसऱ्या गाडीचं इंजिन घातलं होतं, त्याला टर्बो लावला होता, आणि मागं असं नळकांडं बसवलं होतं की आवाजानं गल्लीतल्या कुत्र्यांनी बदली मागून घ्यावी.

आणि समोरच्या काचेखाली एक छोटा पिवळा दिवा. इंजिनाच्या चित्राचा. चेक इंजिनचा दिवा म्हणतात त्याला. बिघाड असला की तो पेटतो, आणि कुठला बिघाड ते सांगणारा कोड स्कॅनरवर दिसतो.

"उद्या फोंड्याला जायचंय," रणधीर म्हणाला. "बायको माहेरी हाय. लेकीला उद्या सव्वा महिना होतोय. पहिल्यांदा घरी आणायचीय."

"माशाल्ला. नाव काय ठेवलं?"

"रेवती… पण बायको म्हणते, दिवा पेटलेल्या गाडीत मी बाळाला घेऊन बसणार नाही. मधी घाट हाय म्हणते."

"शहाणी हाय."

"दिवा तेवढा विझवून द्या, उस्ताद. बाकी काही नको."

"आणि बिघाड?"

"बिघाड नाहीच ओ! गाडी लोण्यासारखी पळते. थ्रॉटलचा कोड येतोय फक्त. मॉडिफाय केलेल्या गाडीत थ्रॉटलचा कोड म्हणजे सर्दी. सगळ्यांना होते."

मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. मला यातलं फारसं कळत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

"इंजिनाला हवा देणारी झडप असती, ती थ्रॉटल," ते मला म्हणाले. "आपण पाय दाबला की उघडायची, उचलला की मिटायची. पूर्वी तार हुती. आता पाय सांगतो, गाडीचा मेंदू ऐकतो आणि मोटर झडप हलवते. म्हणून त्या झडपेवर दोन साक्षीदार बसवल्यात. दोघांची साक्ष जुळली न्हाई की दिवा पेटतो, आणि गाडी आपणहून मंद हुते. पळायला बघत न्हाई."

"आणि मोठी झडप बसवली की ते दोघं भांडणारच," रणधीर म्हणाला. "मग मी कोडच कायमचा बंद करून देतो. दिवा लागायचा प्रश्नच नाही, गाडी मंद व्हायचा पण नाही. गिऱ्हाईक खूश."

"मग ह्या गाडीत का बंद केला न्हाईस?"

रणधीर पहिल्यांदा अडखळला.

"बंद करायला गेलो… तर लॅपटॉप म्हणतो, आधीच बंद हाय."

"म्हंजे?"

"म्हणजे इंजिनाचा जो मेंदू हाय, तो डबा, त्यात कुणीतरी हा कोड आधीच मारून टाकलाय. ह्या गाडीत हा दिवा लागूच शकत नाही, उस्ताद."

आम्ही तिघांनीही गाडीकडं पाहिलं. काचेतून तो दिवा दिसत होता. किल्ली अर्धी फिरवलेली होती, इंजिन बंद होतं.

दिवा पेटलेला होता.

"डबा कुणाचा?" मिस्त्रींनी विचारलं.

"स्क्रॅपमधनं इंजिन आणलं, त्याच्यासोबत आला. पण काय ट्यून केलाय, उस्ताद! ज्यानं केलाय तो माणूस जाणकार. मी वाचला आणि तसाच ठेवला, एक आकडा हलवला नाही. नुसतं लॅपटॉपवर बघून सांगतो, असा हात जिल्ह्यात कुणाचा नाही."

"इंजिन कुणाचं हुतं, इचारलंस?"

"स्क्रॅपमध्ये कुणी विचारतं का?"

मिस्त्रींनी धुतलेले नट फडक्यावर ओळीनं मांडले. रणधीर सकाळी नऊला आला होता. आता बारा वाजून गेले होते. तीन तास त्यांनी त्याला नट धुताना बघत बसवलं होतं. मला वाटलं होतं, जुना राग असेल. तसं नव्हतं; इंजिन पुरतं गार व्हायची ते वाट बघत होते, हे नंतर कळलं.

ते उठले. गाडीपाशी जाऊन त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला.

"गार हाय," ते म्हणाले. "माठावानी."

मग खांबाकडं बोट केलं. "पाटी आण."

खांबावर शाळेतली दगडी पाटी टांगलेली असते. तिच्या दोऱ्याला पेन्सिल बांधलेली. मिस्त्रींच्या गॅरेजात नियम दोनच. पहिला हा, की पुसण्याआधी लिहायचं. गाडीत जो दोष दिसेल, तो आधी पाटीवर हातानं लिहायचा, आणि मगच स्कॅनरनं पुसायचा.

दुसरा नियम ठिपक्याचा. शिष्य कामावर राहिला की पहिल्या खंडेनवमीला मिस्त्री त्याला नेलपॉलिशची एक बाटली देतात. प्रत्येकाचा रंग वेगळा. काम संपलं की आपण आवळलेल्या शेवटच्या स्क्रूवर आपला ठिपका लावायचा. ठिपका लावला की ते काम जन्मभर आपलं. मिस्त्रींचा रंग लाल. रणधीरचा मोरपंखी होता. त्याला तो इतका आवडला की दुकानावरचा फलकही त्यानं मोरपंखी रंगवून घेतला.

"उस्ताद, पाटी कशाला?" रणधीर म्हणाला. "स्कॅनरमध्ये सगळं आपोआप साठतं."

"साठतं की. वाचतं कोण?"

रणधीरनं पाटी आणली. तोंड वाकडं करून आणली, पण आणली. ड्रायव्हरच्या जागेवर बसून त्यानं स्कॅनरची वायर जोडली.

"नुसता कोड नको," मिस्त्री दारापाशी उभे राहून म्हणाले. "दिवा पेटला त्या घडीची नोंद असती की आत. ती वाच."

"त्या नोंदीचं काय, कधीचीही असते…"

"वाच."

रणधीर वाचत गेला आणि लिहीत गेला. पाटीवर पहिली ओळ झाली. इंजिन सुरू होऊन अकराशे सेहेचाळीस सेकंद. वेग अडुसष्ट. झडप पूर्ण उघडी. पाय शून्य. ब्रेक नाही.

"पाय शून्य म्हंजे?" मी विचारलं.

"ॲक्सिलेटरवर पाय नाही," रणधीर म्हणाला. "आणि झडप पूर्ण उघडी. असं होतच नाही. सेन्सर खुळावलाय."

"आज गाडी किती चालवलीस?"

"उचगावपासनं इथवर. अर्ध्या तासावर. ट्रॅफिकमध्ये चाळीसच्या वर गेलोच नाही."

"मग अडुसष्ट कुठलं?"

"जुनी नोंद असणार."

"काल पुसलीस न्हवं?"

"…हो."

"आता परत पूस."

रणधीरनं बटण दाबलं. पिवळा दिवा विझला.

आम्ही थांबलो. रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला. तो लांब गेल्यावर गॅरेजात इतकी शांतता झाली की पत्रा उन्हानं तडकतोय तेसुद्धा ऐकू आलं.

दिवा पेटला.

कुणी हात लावला नव्हता. रणधीरचे दोन्ही हात पाटीवर होते.

"लिही," मिस्त्री म्हणाले.

त्यानं वाचलं. वाचता वाचता आवाज बारीक झाला. अकराशे सत्तेचाळीस सेकंद. वेग एकाहत्तर. झडप पूर्ण उघडी. पाय शून्य. ब्रेक दाबलेला.

"गाडी उभी हाय, उस्ताद."

"दिसतंय मला. पूस."

पुसला. विझला. या वेळी ट्रॅक्टर नव्हता, काहीच नव्हतं.

पेटला.

अकराशे अठ्ठेचाळीस. वेग पंच्याहत्तर. झडप पूर्ण उघडी. पाय शून्य. ब्रेक दाबलेला.

मी बाकावरून उठून जवळ गेलो होतो. अंगावर काटा आला होता आणि तो भरदुपारी आला होता. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मिस्त्रींनी पाटीवर बोट ठेवलं. पहिल्या ओळीवर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"सेकंद बघ."

"एकेकानं पुढं चाललाय," रणधीर म्हणाला.

"ह्याच्या आधी एक्केचाळीस वेळा पुसलास. एकदा तरी वाचलंस?"

"…नाही."

"म्हंजे एक्केचाळीस सेकंद पुसलंस."

रणधीरनं स्कॅनर मांडीवर उलटा ठेवला. त्याच्यावरचे आकडे त्याला नको होते.

"काय हाय हे, उस्ताद?"

"मला काय ठाऊक? मी मेकॅनिक. डबा सोडव."

बॉनेटच्या कोपऱ्यात तो चपटा डबा बसवलेला होता. चार बोल्ट. रणधीरनं दहाचा पाना मागितला, आणि पाना हातात आल्यावर दोनदा घसरला. पाच वर्षांपूर्वी हाच मुलगा डोळे मिटून बोल्ट काढायचा.

"ह्यो बसवला कुणी?"

"दुकानातल्या पोरांनी. मी वायर जोडून वाचला फक्त."

"हातात घेतला न्हाईस."

"गरज नव्हती."

चारही बोल्ट निघाले. वायर तशीच जोडलेली ठेवून त्यानं डबा उचलला.

"उलटा कर," मिस्त्री म्हणाले.

खालच्या बाजूला धूळ आणि तेल यांचा थर होता. रणधीरनं अंगठ्यानं पुसलं. झाकणाचे सहा स्क्रू दिसायला लागले. पहिला, दुसरा, तिसरा…

सहाव्या स्क्रूवर मोरपंखी ठिपका होता.

त्यानं तो नखानं खरवडून पाहिला. निघाला नाही. मिस्त्रींच्या शिष्यांचे ठिपके निघत नाहीत.

"उस्ताद… हा माझा हाय."

"व्हय."

"ह्याचं ट्यूनिंग मी केलंय."

"मघा म्हणालास की. असा हात जिल्ह्यात कुणाचा न्हाई."

मिस्त्रींच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं त्या पोराचा चेहरा बघून मला वाटलं.

"थ्रॉटलचा दिवा किती गाड्यांचा मारलास?"

"सात… आठ."

"त्यातली मोडीत किती गेली?"

रणधीर गाडीच्या कडेला टेकला. डबा त्यानं दोन्ही हातांत धरलेला होता.

"एक," तो म्हणाला.

"कुणाची?" मिस्त्रींनी विचारलं.

"सुयोग चौगले. पिंपळवाडीचा. राधानगरीच्या रस्त्याला. सव्वीस वर्षांचा होता. पगारातनं पै पै साठवून मोठी झडप बसवून घेतली होती माझ्याकडनं. मग दिवा पेटायला लागला. दोनदा आला. दोन्ही वेळा पुसून दिला. तिसऱ्यांदा म्हणाला, दादा, आई घाबरते दिव्याला, काहीतरी करा…"

"मग?"

"मारून टाकला दिवा. वीस मिनिटांचं काम. चहा येईपर्यंत झालं."

"आणि तो?"

"दोन महिन्यांनी. फोंड्याच्या घाटात. एकटाच होता." तो थांबला. "गाडी मी बघितली नाही. ती कुठं गेली ते पण नाही बघितलं."

"रक्षाविसर्जनाला गेलतास?"

"गेलो होतो."

"काय बोललास तिथं?"

रणधीरनं मान हलवली. नाही म्हणून हलवली, की आठवण नको म्हणून, कळलं नाही.

"बोल. हे भाऊ आपलंच हाईत," मिस्त्री माझ्याकडं न बघता म्हणाले.

"त्याचा बाप… केरबाअण्णा. नदीवर सगळ्यांसमोर माझा हात धरून विचारलं त्यांनी. तुम्ही गाडीतलं जाणकार, पोरगं असं कसं गेलं म्हणून."

"आणि तू?"

"मी म्हणालो…"

त्यानं हातातला डबा फिरवला, ठिपका दिसेनासा केला.

"मी म्हणालो, त्यानं पाय उचलला नाही, अण्णा. वेगाची नशा असते. वळण आलं तरी पाय उचलला नाही."

मिस्त्रींनी त्याच्या हातातल्या डब्याकडं बघितलं.

"खरं वाटत होतं मला तसं," रणधीर म्हणाला. "शपथ. म्हणजे… तसंच वाटून घेतलं होतं."

"बाप काय म्हणाला?"

"काही नाही. हात सोडला माझा. त्यानंतर पिंपळवाडीत ते लोकांत बसत नाहीत म्हणतात. पोराचा फोटो पण भिंतीला लावला नाही. म्हणतात, मस्ती करून मेला, त्याला कशाला हार."

दिवा पेटलेलाच होता. तिसऱ्यांदा पेटल्यावर तो कुणी पुसला नव्हता. मिस्त्रींनी हात लांबवून स्कॅनरचं बटण स्वतः दाबलं. दिवा विझला, आणि या वेळी वाट बघावी लागली नाही. लगेच पेटला.

"लिही."

"नको, उस्ताद."

"लिही, बाळा."

त्या गॅरेजात मिस्त्री कुणाला बाळा म्हणाल्याचं मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

रणधीरनं डबा खाली ठेवला, परत ड्रायव्हरच्या जागेवर बसला आणि पेन्सिल घेतली. अकराशे एकोणपन्नास, त्यानं लिहिलं. वेग…

पेन्सिल थांबली.

"वेग शून्य," तो म्हणाला.

पंच्याहत्तर, आणि पुढच्या सेकंदाला शून्य. ते मी पाटीवर वाचलं आणि नजर दुसरीकडं वळवली.

झडप पूर्ण उघडी. पाय शून्य.

ब्रेक दाबलेला.

"आता पूस," मिस्त्री म्हणाले. "उद्याला दिवा विझायला पाहिजे न्हवं तुला?"

रणधीरनं स्कॅनर हातात घेतला. अंगठा बटणावर गेला. मला त्याची लेक आठवली, मी तिला कधी पाहिलंही नव्हतं. सव्वा महिन्याचं बाळ, आणि हाच घाट.

त्यानं अंगठा काढून घेतला.

"राहू दे," तो म्हणाला. "राहू दे पेटलेला. मी नाही पुसणार."

"मग वाच पाटी. पायाचं तेवढं वाच. चारी ओळींतलं."

"पाय शून्य. पाय शून्य…"

"मला ऐकू येत न्हाई. म्हातारा झालो."

"पाय शून्य!" रणधीर ओरडला. "चारी वेळा शून्य! त्यानं पाय उचलला होता, उस्ताद. आधीच उचलला होता. तो ब्रेक दाबत होता… शेवटपर्यंत दाबत होता… त्यानं पाय उचलला होता!"

आणि तो रडायला लागला. मोठा माणूस असा रडताना बघवत नाही, म्हणून मी गाडीच्या आत बघितलं.

दिवा विझला होता.

स्कॅनर रणधीरच्या हातात लोंबत होता, बटण वर होतं. मिस्त्री दोन हात लांब होते. मी खिडकीपाशी, हात मागं बांधून. कुणीही शिवलेलं नव्हतं.

आम्ही थांबलो. मघापेक्षा जास्त थांबलो. एक एसटी गेली, एक दूधवाला गेला. दिवा पेटला नाही.

रणधीरनं डोळे पुसले आणि स्कॅनर बघितला. कोड नव्हता. नोंद नव्हती. आत काही कधी लिहिलं गेलंच नव्हतं असं तो स्कॅनर सांगत होता. चार ओळी होत्या त्या फक्त पाटीवर.

"विझला, उस्ताद," तो म्हणाला. क्षणभर त्याचा चेहरा उजळला. त्याचा हात किल्लीकडं गेला, सवयीनं, घरी निघालेल्या माणसाचा जातो तसा. "विझला. आता उद्या…"

वाक्य त्यानंच सोडून दिलं.

किल्ली त्यानं फिरवली नाही. काढून घेतली. खाली उतरून मिस्त्रींच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची मूठ आपल्या हातानं मिटवली.

"ह्यातलं एकेक काढा," तो म्हणाला. "मला बोलवा. मी स्वतः खोलतो. हातानं."

"बोलवीन."

"बाकीच्या सात गाड्या पण आणतो. एकेकाच्या दारात जाऊन आणतो. दिवे परत चालू करायचे."

"आण."

"पण बाळाला…" तो गाडीकडं न बघता म्हणाला. "उद्या बाळाला कशातनं आणू?"

मिस्त्रींनी हात पुसले. कपाटातून एक धुतलेलं पांढरं फडकं काढलं. पाटीचा दोरा खांबावरून सोडला, आणि पेन्सिलीचं अक्षर पुसलं जाणार नाही असं जपून ती फडक्यात गुंडाळली. रणधीरनं एक हात पुढं केला. मिस्त्रींनी पाटी दिली नाही. मग त्यानं दुसराही हात पुढं केला, तेव्हा दिली.

"एसटीनं जा की," ते म्हणाले. "साडेसातची हाय."

रणधीर पाटी छातीशी धरून उभा राहिला.

मिस्त्री परत थाळीपाशी बसले. एक नट उचलून पेट्रोलात टाकला.

"पिंपळवाडीच्या फाट्यावर थांबते ती."